चुकीच्या झाडाला आवतण

आमच्या मामानं एका झाडाला लग्नाचं आवतण दिलं, आणि झाड चुकलं.

ही गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सांगितली, बारशांत सांगितली, एका मयताला खांदा देतानाही सांगितली. दर वेळी ऐकणारा म्हणतो, "सोड रे, तुझं नेहमीचंच." माझं नेहमीचं म्हणजे काय, तर मी पकडलेल्या माशाला सांगता सांगता मिशा फुटतात. ते मला मान्य आहे. पण या गोष्टीत अजगराची लांबी तेवढी माझी. बाकी सगळं जसं झालं तसं.

साठच्या दशकाचा शेवट. आमचं घर वर्सोव्याला, खाडीच्या तोंडाशी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि ते दुसऱ्यांदा ठरलं होतं. पहिला मुलगा आदल्या वर्षी, लग्न तोंडावर असताना, "आपल्या जेवणाला पापलेट मीच आणणार" म्हणून होडी घेऊन गेला. वारा फिरला. होडीच्या दोन फळ्या मढच्या खडकांवर लागल्या, तो कुठंच लागला नाही. तोवर इकडे हळद कुटून झाली होती. आईनं ती ताटासकट उचलली आणि खाडीत टाकली. हातभर पाणी पिवळं झालं. हातभरच. एरवी मी ते मढपर्यंत पिवळं केलं असतं, पण त्या पाण्याबद्दल मला कधी वाढवून बोलता आलं नाही.

त्यानंतर गावात बहिणीबद्दल कुणी वाईट बोललं नाही, पण कुणी बोललंच नाही. मासळीचे वाटे लावायला बसली तरी शेजारची बाई टोपली जराशी पलीकडे सरकवायची. अशा मुलीला पुन्हा स्थळ येणं म्हणजे आटलेल्या विहिरीत मोटेला मासा लागण्यासारखं. तरी आलं. मुलगा आमच्याच गावाच्या दुसऱ्या टोकाचा, अंगानं आडवा, स्वभावानं गार. आईबाप लहानपणीच गेले, आत्यानं वाढवला. आत्यानं बस म्हटलं की बसायचा, मग होडीत वल्हं मारत असला तरी.

आत्या बोलणी करायला आली ती पान न खाताच बोलायला लागली. "मांडव रीतीनं घाला. दारातली मेढ उंबराची पायजे." मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. ती मामानं आणायची आणि ती रोवल्याशिवाय हळद उखळात पडत नाही, हे आम्हालाही माहीत होतं. आम्ही मान डोलावली. मग ती म्हणाली, "आणि त्या झाडाला कधी लोखंड लागलेलं नसावं. खिळा नाय, कोयता नाय, काय नाय. पयली कुऱ्हाड आपल्या मांडवाची."

आई म्हणाली, "अशी रीत कुठं ऐकली नाय गो."

"रीत माझी हाय," आत्या म्हणाली. "माझा नवरा आणि माझा भाऊ एका होडीतनं गेले. दोघांच्या लग्नात कायतरी राहून गेलेलं, लोक अजून बोलतात. तुमच्या पोरीचं तुम्हाला ठावं हाय. ह्या पोराच्या वेळी मी काय राहू द्यायची नाय. जमलं नाय तर सांगा. मी भांडायची नाय, पोराला उठवून घरी नेईन."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात आम्ही कुणाला ऐकत नाही. पण ती भ्यायली होती, आणि भ्यायलेल्या बाईशी कसं भांडायचं ते आम्हाला येत नव्हतं.

बहीण दाराआड उभी होती. आत्या गेल्यावर मला म्हणाली, "दादूस, उंबर नाय मिळाला तर आताच सांग. हळद कुटून झाल्यावर सांगू नको."

मी छाती ठोकून सांगितलं की उंबर काय, उंबराचं अख्खं रान आणून दारात उभं करतो. हे बोलताना मला आठवलं की गावच्या वेशीवरचा उंबर डांबरी रस्त्यासाठी त्याच वर्षी तोडला होता.

दुसऱ्या दिवशीपासून मी झाडं बघत फिरायला लागलो. उपनगरात तेव्हा झाडं कमी नव्हती, पण बिनखिळ्याचं झाड मिळणं म्हणजे बिनकाट्याचा बोंबील मिळण्यासारखं. अंधेरीच्या उंबरावर दातांच्या डॉक्टरची पाटी. जोगेश्वरीच्या उंबरावर सिनेमाचा पत्रा, त्यावर निवडणुकीचा पत्रा, त्यावर मूळव्याधीचा पत्रा, सालीचं तर दर्शनच नाही. एका उंबराला सायकलवाल्यानं इतके टायर टांगले होते की झाड पंक्चर काढून घ्यायला उभं आहे असं वाटावं. दिंडोशीला गेलो तर तिथं घरं उठत होती आणि ज्याला त्याला कपडे वाळत घालायला दोरी बांधायची होती. दोरीला खिळा लागतो.

कुणीतरी म्हणालं, बोरिवलीला नॅशनल पार्कमध्ये जा, तिथं हात लावलेलं नसतं. गेलो. दाराशीच एक उंबर होता, असा देखणा की मी पाया पडलो. वर बघितलं तर चार खिळ्यांनी ठोकलेली पाटी: झाडांना इजा करू नये. आत नदीच्या काठानं बिनपाटीचे उंबर होते, पण मागे पहारेकरी लागला. म्हणाला, "पान जरी तोडलंस ना, तर लग्न तुझं आत लागेल."

लग्न जवळ आलं आणि माझी पाचावर धारण बसली. घरी गेलो की बहीण काही विचारायची नाही, नुसती माझ्या हातांकडे बघायची. शेवटी मी मामाकडे गेलो.

मामाचं घर मार्व्याला. काटक माणूस, समुद्राला घाबरायचा नाही, फक्त मामीला आणि घुबडाला घाबरायचा. सगळं ऐकून त्यानं विडी विझवली. "मनोरीची खाडी ओलांडून आत शिरलं की तिवरांच्या मागं रान हाय. तिथं माणूस जात नाय, मग खिळा कशाला जाईल? मेढ मामानं आणायची. चल."

संध्याकाळच्या भरतीवर आम्ही होडी घातली. तिवरं म्हणजे खाडीतलं खारं रान. पाण्यातच उभं, मुळं बोटांसारखी चिखलातून वर काढून, जणू खाली कुणी बुडालेलं आहे आणि हात वर करतं आहे. मला ते बघवलं नाही. पाण्याच्या गल्ल्या वळत वळत आत गेलेल्या, दर वळणावर तोच बगळा बसलेला. मामा म्हणाला, बगळे वेगळे आहेत. मला विचाराल तर एकच होता आणि आमच्यावर नजर ठेवून होता. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. हा मासा असून जमिनीवर चालतो आणि आपल्याकडे असा बघतो की आपणच पाण्यातून चुकून वर आलो आहोत.

तिवरं संपली तिथं होडी बांधली आणि चढणीला लागलो. आता तिकडं जायचं तर लोक दुर्बिणी घेऊन, टोप्या घालून जातात. आम्ही सुपारी, हळदकुंकू, तांदूळ आणि सुताची गुंडी घेऊन गेलो होतो. कारण झाड नुसतं तोडायचं नसतं. आदल्या दिवशी त्याला आवतण द्यायचं, रात्रभर त्याला तयारीला वेळ द्यायचा आणि सकाळी मानानं न्यायचं. न विचारता नेलं तर ती चोरी, आणि चोरीच्या खांबावर मांडव टिकत नाही.

अंधारून आलं होतं. रानात शिरलो तसा मागे कोल्ह्यांनी सूर लावला, एकानं सुरू केलं आणि साऱ्या खाडीनं उचललं. मामा झाडं चाचपत पुढे. एका खोडाशी थांबला. खोडालाच फळांचे घोस लगडलेले, उंबरासारखे. मामानं हात फिरवला. खिळा नाही, घाव नाही. गुडघ्यावर बसला, सुपारी ठेवली, तांदूळ वाहिले, खोडाला सूत गुंडाळलं आणि म्हणाला, "बाबा, उद्या आमच्या पोरीची हळद हाय. बिचारीचं एकदा मोडलंय. तुम्ही येवा, मांडव धरा."

मामा हे इतकं मऊ बोलला की मी तोंड फिरवलं. घुबड ओरडलं आणि आम्ही दोघं होडीपर्यंत पळत आलो. त्याबद्दल मामा पुढे कायम सांगायचा की भरती उतरत होती म्हणून.

रात्री मी घरी जाऊन आलो, आणि सकाळच्या भरतीला आम्ही परत गेलो. खांद्यावर कुऱ्हाड, मन हलकं. वाटेत मी गाणं म्हटलं. झाड सापडलं, सूत तसंच होतं, सुपारी कुणीतरी नेली होती. मामा म्हणाला, "झाडानं मान ठेवला." कुऱ्हाड उचलली, थांबला, खाली ठेवली. एक पान तोडून गालाला घासलं.

"भाच्या," तो म्हणाला, "तू घासून बघ."

पान कानसेसारखं खरबरीत. गाल सोलवटला. उंबराचं पान गुळगुळीत असतं, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. हा उंबर नव्हता. हा बोखाडा होता, उंबराचा सावत्र भाऊ. फळं तशीच, ढंग तसाच, पण मांडवाला चालत नाही.

"वाट लागली," मी म्हटलं. "चल, दुसरा शोधू."

मामा खाली बसला. "दुसरा शोधू म्हणजे? आवतण ह्याला दिलंय."

"चुकून दिलंस ना?"

"मग दारात आलेल्या पावण्याला काय सांगशील? तुझ्या भावाला बोलवायचं होतं, तू घरी जा?"

"मामा, झाड आहे ते."

"ते झाड आता आपला पावना हाय."

मी हरलो. मग मला नेहमीची युक्ती सुचली. म्हटलं, हाच घेऊन जाऊ, पानं काढून टाकू, सोललेला खांब कोण ओळखणार? मामानं माझ्याकडे बघितलंही नाही. "त्या म्हातारीनं दोन माणसं समुद्राला दिली. तिला तू बोखाडा उंबर म्हणून देणार?"

मी गप्प झालो. असा फार कमी वेळा होतो, त्यामुळे तोंड कसं ठेवायचं ते समजेना.

ठरलं असं की उंबर शोधायचा, पण पाहुण्याची एक फांदी न्यायची, म्हणजे त्याचा अपमान नको. मामानं झाडाची माफी मागितली, लहानशी फांदी तोडली, ती माझ्या पाठीला बांधली. मग आम्ही रान पालथं घालायला लागलो.

पालथं म्हणजे काय सांगू. करवंदीच्या जाळ्यांनी माझ्या सदऱ्याच्या झेंड्या केल्या. एका घळीत रानडुक्कर निघालं, ते आम्हाला घाबरून पळालं की आम्ही त्याला, हा वाद अजून मिटलेला नाही. एका सावरीच्या मुळाशी अजगर पडला होता. तेव्हा तो माझ्या मांडीएवढा जाड होता. पाच वर्षांनी तो होडीएवढा झाला. हल्ली तो मनोरीपासून गोराईपर्यंत असतो. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी मी त्याच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. एरवी असा अजगर दिसला असता तर मी जन्म काढला असता त्याच्यावर. मी त्याला ओलांडून गेलो, जसा माणूस रस्त्यातल्या दोरखंडाला ओलांडतो, आणि वर झाडांची पानं बघत राहिलो.

जांभूळ होती, पिंपळ होता, नांद्रुक होता, कुंभ्या होता. जगातलं प्रत्येक झाड त्या डोंगरावर होतं. उंबर नव्हता.

ऊन चढलं. मामा अचानक थांबला, वास घेतल्यासारखा. "पानी गेलं."

खाली बघितलं. आम्ही आलो ती गल्ली राहिलीच नव्हती. नुसता काळा, चमकता चिखल, आणि त्यात आमची होडी कुशीवर पडलेली. पुढची भरती संध्याकाळी. तोवर घरी मेढ पोचायला हवी होती, नाहीतर आत्या उठणार होती.

मी एका दगडावर बसलो. मला घर दिसायला लागलं. दारात मांडव अर्धा बांधलेला, बायका उखळाभोवती बसलेल्या, हळकुंडं सुपात तशीच. सकाळी मी निघताना आईनं सांगितलं होतं की मेढ दिसल्याशिवाय एकही हळकुंड उखळात टाकणार नाही, गेल्या वर्षीसारखं पुन्हा खाडीत ओतायला लागलं तर तिला सोसणार नाही. आणि बहीण. ती सकाळी उठून वेणी घालून बसली होती. वेणीत फूल नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "संध्याकाळी बघू."

हे दोन शब्द मला त्या दगडावर बसून ऐकू येत होते. संध्याकाळी बघू. चोवीस वर्षांची पोर, आणि कशावरही विश्वास टाकताना असा हात आखडून.

मामा शेजारी येऊन बसला. विडी पेटवली नाही. मग तो म्हणाला, "आज सकाळी कोल्ह्याचं तोंड बघायला पायजे होतं."

आमच्याकडे सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसणं म्हणजे नशीब उघडणं. कुणाचं काही भलं झालं की विचारतात, काय रे, कोल्ह्याचं तोंड बघून निघालेलास काय? मी म्हणणार होतो की मामा, आता बारा वाजायला आले, कोल्हा आणि नशीब दोघंही झोपले असतील. पण तेवढ्यात खालच्या झुडपात कोल्हा दिसला.

दिसला म्हणजे त्याची पाठ दिसली. आणि शेपूट.

"तोंड बघ, तोंड," मामा कुजबुजला.

"पाठमोरा आहे."

"मग पुढनं जा."

आणि तुम्ही हसाल, पण त्या घडीला आमच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. दोन मोठे पुरुष, एकाच्या हातात कुऱ्हाड, एकाच्या पाठीला बोखाडा, कोल्ह्याचं तोंड बघायला डोंगर उतरायला लागले. तो कोल्हाही असा हरामी की मान वळवेना. आम्ही डावीकडे गेलो की तो उजवीकडे बुड करी. पुढे दुडक्या चालीनं, मागे आम्ही वाकून, फांद्या न मोडता, श्वास दाबून. मी मनात त्याला हात जोडत होतो. एकदाच बघ रे बाबा, तुझं काय जातं.

तो उतरत उतरत पार तिवरांच्या कडेला गेला, आमच्या होडीपासून हाकेच्या अंतरावर. तिथं एका मोठ्या झाडाखाली थांबला, खाली पडलेलं काहीतरी खायला लागला, आणि मग मान वर करून आमच्याकडे सरळ बघितलं. तोंडाला लाल गर लागलेला. डोळे पिवळे. मग निवांत आणखी एक फळ उचललं आणि गेला.

मामानं आधी त्याला नमस्कार केला. मग वर बघितलं. मग धावत जाऊन पान तोडलं आणि गालाला घासलं. गुळगुळीत.

आदल्या संध्याकाळी आम्ही होडी बांधून त्याच्या पाठीमागून चढून गेलो होतो. उंबर दारातच उभा होता आणि आम्ही त्याच्या सावत्र भावाला बोलवायला डोंगरावर गेलो होतो.

मामा खोडाभोवती फिरला आणि पाण्याच्या बाजूला गेल्यावर थबकला. मी गेलो. खोडात, कमरेच्या उंचीला, लोखंडाची कडी होती. जुनी, गंजून काळी झालेली. कधीकाळी इथं होड्या लागत असाव्यात, त्या बांधायला कुणीतरी ठोकलेली. झाडानं ती अर्धी गिळली होती, साल तिच्यावरून ओठासारखी मिटत आली होती.

त्या कडीकडे बघून मी रडलो. हे मी कॅन्टीनमध्ये सांगत नाही.

मामानं मला रडू दिलं. मग म्हणाला, "चोवीस तासांत दुसरं झाड उगवत नाय. तोड."

"आणि कडी?"

"कडी झाडात राहील. वरची फांदी आपण न्यायची. कुणी विचारलं तर तू बोलायचं नाय. तुझं तोंड मी ओळखतो, त्यातनं गोष्ट गळते. शपथ घे."

मी बहिणीची शपथ घेतली. मामानं झाडाला उशिराचं आवतण दिलं, हात जोडून म्हणाला, "आगंतुक पावना म्हणून या," आणि कुऱ्हाड घातली.

होडी चिखलातून खाडीच्या मधल्या धारेपर्यंत ढकलत न्यावी लागली. मांडीपर्यंत आत जात होतो, एक पाय काढला की दुसरा जाई. चिंबोऱ्या बिळातून नांग्या वर करून बघत होत्या, निवट्या आमच्या पुढे उड्या मारत वाट दाखवल्यासारख्या. मेढ होडीत, आम्ही चिखलात, जणू नवरी डोलीत बसली आहे आणि भोई मेले तरी चालतील. एकदा मी छातीपर्यंत गेलो. तेव्हा मला वाटलं की पहिला मुलगा असाच कुठं तरी, हात वर करून, आणि मी ओरडलो. मामानं फांदीला धरून ओढलं. बोखाड्याच्या फांदीला, जी माझ्या पाठीला बांधलेली होती. पाहुणा तिथं उपयोगी पडला.

मार्व्याला लागलो, तिथून मेढ खांद्यावर टाकून मढपर्यंत चालत, कुठं बैलगाडीचा आधार घेत. मढहून तरीच्या होडीत बसलो तर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका आमच्यापासून सरकल्या. चिखलाचा वास असा येत होता की मासळीला लाज वाटावी. एकीनं विचारलं, "काय रं, रान विकायला नेतंस काय?" एरवी मी तिला मढपासून वर्सोव्यापर्यंत पुरेल एवढी गोष्ट दिली असती. शपथ आठवली, गप्प बसलो.

दिवे लागायच्या सुमाराला घरी पोचलो. मांडव तसाच अर्धा. बायका उखळाभोवती, हळकुंडं सुपात. आत्या खुर्चीत, पदर कमरेला खोचलेला, उठायच्या तयारीत. शेजारी नवरा मुलगा, तिचा हात धरून. बहीण उंबऱ्यात. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मेढीकडे बघितलं.

आत्या आली. पान चुरगळून वास घेतला, गालाला लावलं. "उंबर हाय." मग माझ्या पाठीकडे बोट केलं. "आणि हा बोखाडा कुणाचा?"

मामानं ओठ मिटले. माझ्याकडे डोळे वटारले. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता, आणि माझ्याकडे इतकी माणसं एकदम बघायला लागली की मला काय होतं ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. सुरुवात मी फक्त बोखाड्यापासून केली. आवतण, चुकलेलं झाड, पाहुणा. बायका हसायला लागल्या. हसल्या म्हणून अजगर सांगितला. अजगर सांगितला म्हणून कोल्हा सांगावा लागला. कोल्हा उंबराखाली थांबला, आणि मामानं मागून माझ्या पायावर पाय दिला, पण शब्द तोंडातून गेला होता.

"कडी?" आत्या म्हणाली. "कसली कडी?"

मांडवातलं हसणं थांबलं. बहिणीनं दाराच्या चौकटीवरचा हात काढला. मला जीभ तोडून टाकावीशी वाटली.

"लोखंडाची," मी म्हटलं. "होडी बांधायची. जुनी आहे. झाडानं अर्धी गिळली आहे."

"गिळली म्हणजे?"

"साल वरून आली आहे. आता काढू म्हटलं तरी निघायची नाही."

आत्या पुन्हा मेढीकडे वळली. मग विचारलं, "म्हणजे ह्या झाडाला होडी बांधायचे."

"हो."

"वाऱ्यापावसात?"

"बांधतच असतील."

"आणि झाडानं कडी सोडली नाय."

"नाही."

तिनं मेढीवर हात ठेवला. तळवा सालीवरून वर-खाली फिरवत राहिली, जसा आपण आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतो. मला वाटलं ती आता म्हणेल, चल पोरा, घरी. ती भाच्याकडे वळली. "माझ्या दाराशी असं एक झाड असतं तर," एवढंच म्हणाली. मग मामाला म्हणाली, "बघत काय बसलाव. खड्डा कुठं हाय? रोवा."

मामानं मेढ रोवली. बहीण आत गेली. थोड्या वेळानं उखळात मुसळ पडल्याचा आवाज आला, एक, मग थांबून दुसरा, मग बायकांनी गाणं धरलं आणि मोजता येईनासा झाला. ती बाहेर आली तेव्हा वेणीत अबोली होती. मला म्हणाली, "दादूस, तुला तोंड दिलंय देवानं की भोंगा?" वर्षभरात ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली.

जावई अजून धडधाकट आहे. वादळाच्या बातम्या आल्या की बहीण आजही आमच्या अंगणात येऊन मेढ होती त्या जागेकडे बघते. तिथं काहीच नाही, तरी बघते.

बोखाड्याची फांदी मामानं मांडवाच्या कोपऱ्यात उभी केली. पंगत बसली तेव्हा तिच्यापुढेही पान मांडलं, त्यावर भात, कालवण, कडेला मीठ. स्वतः शेजारी बसला आणि तिला आग्रह करून वाढत राहिला.